घोड्याच्या बाजूनं कोण?

त्या नोकरीत मला पगार कशाचा मिळत होता असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच आहे: एका म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी ‘नाही’ म्हणण्याचा. नेमणुकीच्या कागदावर अर्थातच काहीतरी भारदस्त लिहिलं होतं. बेंगळुरात मल्लेश्वरममधल्या एका संशोधन संस्थेत यंत्राला संस्कृत वाक्यांचा अर्थ लावायला शिकवण्याचं काम चाललं होतं, आणि मी तिथं प्रोग्रॅम लिहायला लागले होते. पण प्रोग्रॅम काय, कुणीही लिहितं. शास्त्रीबुवांना नाही म्हणणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं.

बुवा सीमेवरच्या एका गावातले. घरात मराठी, दारात कन्नड आणि डोक्यात न्याय-मीमांसा. पांढरं धोतर, कपाळाला गंध आणि पायात भाच्यानं दिलेले पोपटी रंगाचे धावायचे बूट. ‘‘बुवा, हे बूट शास्त्रात बसतात का हो?’’ असं मी एकदा गमतीनं विचारलं, तर ते हातातला डबा बाजूला ठेवून, मांडी ठोकून बसले. ‘‘बसत नाहीत असा पक्ष मांडा बघू. ऐकतो.’’ मला मांडता आला नाही, तर दिवसभर नाराज होते.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांच्या इस्पितळातलं वाटेल. तसं ते होतंही. संस्कृतात एकेका शब्दाला अर्थ किती असावेत याला धरबंद नाही. ‘हरि’ म्हणजे विष्णू, तसाच सिंह, माकड, घोडा, सूर्य आणि बेडूकसुद्धा. माणूस वाक्य वाचतो आणि त्यातला एक उचलतो. यंत्र बिचारं सगळेच्या सगळे अर्थ समोर ओतून मोकळं होतं. यातला खरा अर्थ निवडायचा कसा, यावर आपल्या जुन्या शास्त्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं झिजवलेलं आहे. त्यांच्या कसोट्या यंत्राला शिकवायच्या, असा आमचा प्रकल्प होता, आणि कसोट्या ज्यांना तोंडपाठ आहेत असे म्हणून बुवांना बोलावलं होतं.

त्या कसोट्या त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये समजावल्या.

‘‘अक्का, मी ‘आणा’ म्हटलं की तुमचा कान विचारतोय, काय आणा? ही आकांक्षा. ‘दगड प्या’ म्हटलं तर शब्द जुळले, पण दगड पिता येत नाही. म्हणजे योग्यता नाही. सकाळी ‘चहा’ म्हटलं आणि संध्याकाळी ‘आणा’ म्हटलं, तर चहा काही येत नाही बघा. शब्द जवळजवळ पाहिजेत, ती संनिधी. आणि हे सगळं जमूनसुद्धा दोन अर्थ उरले, तर बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. ते तात्पर्य.’’

‘‘आणि ते यंत्रानं कसं बघायचं?’’

‘‘यंत्राचं सोडा की ओ. माणसाला तरी कुठं बघता येतंय?’’

बुवांना दिलेलं काम तसं सोपं होतं. पडद्यावर शब्दांच्या जोड्या यायच्या, आणि त्यांनी ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ यावर बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी वाक्य आलं, ‘हरि झाडावर झोपतो’. यंत्रानं आपली यादी दिली: माकड झोपतं, सिंह झोपतो, घोडा झोपतो, सूर्य झोपतो. आम्ही चारपाचजण त्यांच्या मागं उभे होतो. सगळे म्हणालो, माकड.

‘‘माकड, असं माझंही मत आहे,’’ बुवा म्हणाले. ‘‘आता विरोध कोण करणार?’’

कुणीतरी ‘‘ओके सर’’ म्हणालं.

‘‘ओके म्हणजे काय? विरोध झाल्याशिवाय निर्णय होतो होय? सिंहाच्या बाजूनं कोण आहे? घोड्याच्या बाजूनं कोण?’’

बुवांनी हात मांडीवर ठेवले आणि ते पडद्याकडे बघत स्वस्थ बसून राहिले. जेवायची वेळ झाली, जेवून आले आणि परत तसेच बसले. त्यांच्या शास्त्रात अशी पद्धतच होती. कुठलंही मत मांडायचं तर आधी त्याच्या विरुद्धचं मत मांडायचं, तो पूर्वपक्ष. तोही असा भक्कम, की विरोधकाला स्वतःलासुद्धा इतका चांगला मांडता आला नसता. मग तो खोडायचा, आणि मगच निर्णय. आम्ही सगळे होयबा निघाल्यामुळे माकड झाडावर चढेचना. दुपारी एकानं मोबाईलवर आफ्रिकेतला व्हिडिओ शोधून काढला. त्यात खरोखरचे सिंह झाडाच्या फांदीवर पाय लोंबकळत टाकून झोपले होते. बुवा खुर्चीतून उठून उभे राहिले. डोळ्यांत आनंद मावेना. ‘‘वा! मी चुकलो! आता घोडा?’’

मला घरी जायचं होतं. बसस्टॉपवर पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं, म्हणून मी लवकर निघायच्या विचारात होते. मी वैतागून म्हटलं, ‘‘झाड आडवं पडलेलं असलं तर घोडाही झोपेल.’’

बुवांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘अक्का, उद्यापासून तुम्ही माझ्या विरोधात.’’

अशी माझी बदली झाली. रोज सकाळी आवारातल्या झाडाखाली समोरासमोर दोन बाकं, एकावर ते, एकावर मी. आधी त्यांचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षा चांगलं मांडायचं, ते त्यांना पसंत पडलं की मग खोडायचं. सुरुवातीला माझ्या तोंडाला फेस आला. पुढं चटक लागली. घरी आईनं ‘‘आज भाजीत स्वल्प मीठ कमी झालंय’’ म्हटलं, की मी म्हणायचे, कमी झालं नाही असा एक पक्ष आहे. आई मल्लेश्वरमातच जन्मलेली, तिला असल्या नखऱ्यांचं कौतुक नाही. ती म्हणायची, ‘‘पक्ष ठेव बाजूला आणि मिठाची बरणी घे. त्या शास्त्र्यानं पोरीचं डोकं फिरवलं.’’

बुवांची ही सवय ऑफिसपुरती असती तर ठीक होतं. एकदा आम्ही दोघं रिक्षानं निघालो. रिक्षावाला मीटरनं यायला तयार नव्हता, वर जास्त मागत होता. कुणीही भांडलं असतं, नाहीतर दुसरी रिक्षा बघितली असती. बुवा मात्र त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि कन्नडमध्ये त्याला समजावू लागले, की तुझा पक्ष फार दुबळा आहे. परत येताना रिकामं यावं लागतं, हे तू म्हटलंच नाहीस. रस्ता खणून ठेवलाय, हे म्हण. घरी लेकरं आहेत की नाही? मग तेही म्हण. रिक्षावाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आपली एवढी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती, त्याला यात काहीतरी काळंबेरं वाटलं असणार. ‘‘सरी सर, कूतकोळ्ळी,’’ म्हणाला, बसा म्हणून, आणि मुकाट्यानं मीटर टाकला. वाटेत आरशातून तो सारखा मागं बघत होता.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा तर कहर झाला. खोकला होता म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बुवा म्हणाले, घेतो, पण आधी गोळ्या घेऊ नयेत असा पक्ष तुम्ही मांडा. डॉक्टरही हौशी निघाले. त्यांनी तो पक्ष इतका ताकदीनं मांडला की बुवा गोळ्या न घेताच परत आले आणि पंधरा दिवस खोकत राहिले. ‘‘पण मांडला फार सुंदर,’’ असं खोकताखोकता सांगायचे.

पहिली खोली त्यांनी सोडली ती याच सवयीपायी. घरमालक सज्जन, देवभोळा, बुवांच्या पाया पडायचा. मी म्हटलं, ‘‘इतकं चांगलं घर का सोडता?’’ तर म्हणाले, ‘‘कशालाच नाही म्हणत नाही ओ तो माणूस. मी म्हटलं, आज एकादशी. म्हणाला, होय. मी म्हटलं, नाही, काल होती. तरी म्हणाला, होय. असल्या घरात राहायचं कसं?’’

या सगळ्याला मी वेड म्हणत होते. एका दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं तेव्हा मला त्यामागचं कारण कळलं. त्यांच्या गावात आणखी एक शास्त्री होते. रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर दोघांचा वाद चालायचा, तरुणपणापासून. बुवा जे म्हणतील ते त्यांनी खोडायचं, ते जे म्हणतील ते बुवांनी. एकमेकांच्या घरी लग्नंमुंजी झाल्या, तरी वाद थांबला नाही. मग ते दुसरे शास्त्री वारले.

‘‘दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गेलो. एक विषय काढला आणि थांबलो. समोर चार माणसं होती. चौघांनीही मान डोलावली. मग उलट बोललो, तरी डोलावली. महिनाभर मी जे बोलेन ते खरं. अक्का, मला भीती वाटायला लागली बघा.’’

मग भाच्यानं सांगितलं, की बेंगळुरात एक यंत्र आहे, तुम्ही एका वाक्याचा एक अर्थ सांगितला तर ते दहा सांगतं. ‘‘मला वाटलं, भेटला,’’ बुवा म्हणाले, आणि हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी वादाला नीट तयारी करून जाऊ लागले.

काम मात्र गोगलगायीलाही लाज वाटेल असं चाललं होतं. माकड, सिंह आणि घोडा अजून झाडावरच होते, खाली बेडूक रांगेत उभे. आमचे प्रमुख पुण्याचे, स्वभावानं मऊ, कुणाशी वाकडं बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांना काळजी लागून राहिली होती, आणि तशात दिल्लीहून पाहणी समिती आली.

समितीसमोर प्रमुखांनी यंत्राला एक वाक्य दिलं. यंत्रानं सगळे अर्थ चाळले, कसोट्या लावल्या आणि एकच अर्थ पडद्यावर आणला. बरोबर अर्थ! आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बुवा उभे राहिले. ‘‘यंत्राला विरोधक दिलेला नाही. म्हणून यंत्राच्या विरोधात मी.’’ आणि त्यांनी यंत्राला खोडायला सुरुवात केली. स्वतःच शिकवलेलं यंत्र, स्वतःच सांगितलेला अर्थ! यंत्र गप्प. त्याला उत्तर देता येईना, म्हणून बुवांनी त्याची बाजूही घेतली. एकदा पडद्याच्या डावीकडून बोलत, एकदा उजवीकडून. पोपटी बूट इकडून तिकडं चालले होते. समितीतले एक गृहस्थ सभ्यपणानं मान डोलावत होते, तर बुवांनी त्यांनाच पकडलं. ‘‘डोलावू नका. नाही म्हणा.’’ गृहस्थ घाबरून ‘‘जी’’ म्हणाले. चहा निवला, समोसे तसेच राहिले, आणि समितीची परतीच्या विमानाची वेळ झाली. त्यांचा शेरा आला तो एवढाच, की गती वाढवावी.

गती वाढवायची म्हणजे काय, ते प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बाजारात आता नवी मोठी मॉडेल्स आली आहेत. बुवांना जे ठरवायला महिना लागतो ते त्यातलं एक एका दुपारी ठरवून टाकेल. थोडं चुकेल, चालेल. बुवांचा करार संपत आला होता, तो पुढं वाढवायचा नाही.

‘‘अगं, तू सांग ना त्यांना. मला ते कॉन्फ्रंटेशन अजिबात जमत नाही. तुझं ऐकतात ते.’’

‘‘सर, ऐकत नाहीत. मी विरोध करते म्हणून मी आवडते त्यांना.’’

‘‘मग विरोध कर! तेच तर पाहिजे आपल्याला.’’

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही, छान झोपले, कारण मला एक युक्ती सुचली होती. सरळ सांगायचंच नाही. वादाला विषय म्हणून द्यायचा. बुवा माझा पूर्वपक्ष नेहमीप्रमाणे उधळून लावतील, मग मी प्रमुखांकडे जाऊन सांगेन की शास्त्रीय पद्धतीनं चर्चा झाली आणि बुवा राहावेत असं ठरलं. प्रमुखांना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं, तेव्हा मलाही ते नाही म्हणाले नसते.

सकाळी बाकावर बसल्याबसल्या मी म्हटलं, ‘‘आजचा विषय वेगळा आहे. या प्रकल्पात शास्त्री नसावेत. करारही वाढवू नये. हा माझा पूर्वपक्ष.’’

‘‘वा! विषय झकास आहे. कुणी दिला?’’

‘‘प्रमुखांनी.’’

‘‘म्हणजे डोकं आहे म्हणायचं माणसाला. बोला.’’

मी मुद्दा मांडला, की शास्त्री काम फार सावकाश करतात. त्यांनी तो चिमटीत धरून फेकून दिला. सावकाश म्हणजे चूक नव्हे, झाडसुद्धा सावकाशच वाढतं. मी म्हटलं, यंत्र स्वस्तात करेल. तोही गेला. मी मनातून खूश होते. तिसरा मुद्दा मांडला, की शास्त्री समितीसमोर नीट वागले नाहीत. यावर बुवा कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत राहिले.

‘‘अक्का, हे काय चाललंय? इतका लुळा पक्ष? विषय एवढा चांगला आणि त्याची ही गत? सरका बघू जरा.’’

आणि ते उठून माझ्या बाकावर येऊन बसले.

‘‘असं म्हणा. शास्त्र्याला काम नको आहे, विरोधक हवा आहे. तो मिळावा म्हणून तो काम लांबवतो. असं आहे की नाही? दुसरं, यंत्राला शिकवायला आला, पण सगळं अजून त्याच्याच डोक्यात आहे. पोराचा हात कुणी सोडला नाही, तर ते चालेल कधी? तिसरं, त्याचं वय झालंय. उद्या तो मेला तर प्रकल्प अर्ध्यात राहील, त्यापेक्षा आजच गेलेला बरा.’’

मुद्दे खरे होते. मला शंभर वर्षांत सुचले नसते असे होते.

‘‘आता समोर कोण?’’ ते म्हणाले. समोरचं बाक रिकामं होतं. ‘‘शास्त्र्याच्या बाजूनं कुणी नाही होय? जा, बसा तिकडं.’’

मी जाऊन त्यांच्या जागेवर बसले आणि भांडले. खरंच सांगते, इतक्या जिवावर उदार होऊन मी आयुष्यात कुणासाठी भांडले नव्हते. मी म्हटलं, यंत्राला हो म्हणायला जगातला प्रत्येकजण शिकवतोय, नाही म्हणायला शिकवणारा हा एकच माणूस आहे. म्हणाले, एकाच माणसावर शास्त्र उभं असेल तर ते शास्त्रच नाही. मी म्हटलं, काम लांबलं पण सिंह झाडावर झोपतो हे त्याच्यामुळंच कळलं. म्हणाले, ते मोबाईलमुळं कळलं. प्रत्येक उत्तराला ते आनंदानं मांडीवर थाप मारत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा मी म्हटलं, ‘‘मला तुम्ही इथं हवे आहात.’’

‘‘ऐकणाऱ्याची इच्छा हे प्रमाण होत नाही,’’ बुवा हळूच म्हणाले. ‘‘आणखी काही?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मग शास्त्र्यानं जावं, असा निर्णय.’’ त्यांनी उठून मला नमस्कार केला. ‘‘आज फार छान हरलात बघा,’’ म्हणाले आणि डबा धुवायला नळावर गेले.

प्रमुख केबिनमध्ये येरझारा घालत होते.

‘‘काय झालं गं? चिडले का?’’

‘‘नाही. वाद झाला.’’

‘‘बापरे. जिंकलं कोण?’’

‘‘ते.’’

‘‘म्हणजे राहणार?’’

‘‘नाही सर. जिंकले, म्हणून चालले.’’

प्रमुखांनी खुर्चीत बसून डोकं धरलं. मीही समोर बसून रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढं केला आणि स्वतःही एक घेतला.

करार संपला त्या दिवशी मी बुवांना बसस्टँडवर सोडायला गेले. गावाकडची दुपारची बस होती. बुवांनी पिशव्या वरच्या फळीवर ठेवल्या, खिडकीजवळ बसले, भाच्याला फोन करून येतोय म्हणून सांगितलं. कंडक्टर तिकिटं फाडत फिरत होता. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तशी मी खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. बुवांचा चेहरा एकदम उजळला.

‘‘अक्का! तुमच्या बाजूचा एक मुद्दा राहून गेला की ओ!’’

‘‘कुठला?’’

‘‘ऐकणाऱ्याची इच्छा चालत नाही, पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तोच बोलणारा असेल, तर त्याच्या मनात काय आहे ते विचारावं लागतं. शास्त्र्याला राहायचंय का, हे तुम्ही विचारलंच नाहीत.’’

‘‘राहायचं होतं तुम्हाला?’’

‘‘फार,’’ बुवा म्हणाले. ‘‘फार राहायचं होतं. त्या मुद्द्यापुढं माझा सगळा पक्ष कोसळला असता. मलाही आत्ताच सुचला बघा, पिशवी वर ठेवताना.’’

‘‘मग उतरा खाली! उतरा आधी!’’

‘‘छे छे. निर्णय झाल्यावर मुद्दा चालत नाही.’’

कंडक्टर ‘‘रईट, रईट’’ म्हणाला. बस हलली, आणि बुवांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले.

त्यांच्या या म्हणण्याला माझा कडाडून विरोध होता. निर्णय माणसांसाठी असतो, माणसं निर्णयासाठी नसतात, चुकीचा निर्णय पुन्हा उघडता आलाच पाहिजे, हे सगळं मी मोठ्यानं, हातवारे करून मांडत राहिले. बस वळून दिसेनाशी झाली तरी माझं बोलणं चालूच होतं. शेजारी पिशवी घेऊन उभा असलेला एक अनोळखी माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नसावं.

‘‘हौदु मेडम,’’ तो मान डोलावून समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘‘हौदु, हौदु.’’

खरं आहे, खरं आहे.